गुणाजीचा अंगठा आणि माझी जीभ

ही बघा माझी जीभ. लांब, काळी, मधोमध बशीसारखी खोलगट. बटण एकदा दाबलंत तर मी ती दोनदा काढून दाखवतो, आणि तुम्ही पाठ वळवलीत की उगाच तिसऱ्यांदा. अठरा वर्षं माझा हाच उद्योग. मी मुलुंडच्या गुणाजी परबांच्या कॉम्प्युटरातला डीव्हीडी ड्राइव्ह बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय, पण त्या घरात सगळेच घरघरतात, त्यामुळे माझं वेगळं असं काही उठून दिसत नाही.

शिक्षण विचारू नका. अर्धवट आहे. डीव्हीडी वाचता येते, लिहिता येत नाही. सीडी तेवढी लिहितो, तीही गिचमीड. लॅमिंग्टन रोडवर ज्याने हा कॉम्प्युटर जोडून दिला त्याने बिलावर ठसठशीत 'रायटर' लिहिलं आणि आत मला बसवलं. मी गप्प राहिलो. नोकरी लागत असताना कोण कबूल करतं, की मला लिहिता येत नाही?

घरात आलो त्या दिवशी पूजा झाली. मी नवीन जागा बघायला जीभ बाहेर काढली, तर शकुबाईने, म्हणजे गुणाजीच्या बायकोने, तिच्यावर पेढा ठेवला. तिला वाटलं, नैवेद्याची सोय कंपनीनेच करून दिलीय. त्यांच्या लेकाने, नितेशने, आरडाओरडा करून तो काढला. आयुष्यात गोड म्हणून चाखलं ते तेवढंच. त्या बाईशी माझं तेव्हापासून जमलं.

आता गुणाजीचं सांगतो. मूळचा कुडाळकडचा. गिरणीत होता, गिरणी गेल्यावर सिनेमाच्या शूटिंगला दिवे पुरवणाऱ्या एकाचा टेम्पो चालवायला लागला. एकदा मढला एका बंगल्यात शूटिंग होतं. हिरॉइनचा बाप मेलाय, ती छाती पिटून रडते, असा सीन. पण मरायला जो माणूस ठरवला होता तो काही उगवेना. डायरेक्टरच्या असिस्टंटने इकडेतिकडे बघितलं, तर टेम्पोत गुणाजी तोंड उघडं टाकून झोपलेला. तो म्हणाला, याच्याहून चांगला मेलेला शोधून सापडायचा नाही.

झालं. गुणाजीला सतरंजीवर आडवा केला, नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार, पायाचे अंगठे दोऱ्याने बांधलेले. हिरॉइन रडली, दिवे तापले, आणि एक लाल मुंगी गुणाजीच्या पायाला लागली. मेलेला माणूस बिचारा किती सोसणार? उजवा अंगठा हलला. दोरा बांधलेला होता म्हणून डावाही हलला.

सिनेमा लागला तेव्हा गुणाजीने सोसायटीतल्या अकरा जणांना स्वतःच्या खर्चाने नेलं. सीन कापलेला. अकरा जण मध्यंतरात वेफर खात गुणाजीकडे बघत होते. तेव्हापासून त्याचं नाव पडलं हिरो. सगळ्यात जास्त छळलं ते शकुबाईच्या भावाने, दत्तारामने. कुडाळहून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय हिरो, अजून जितो आसस मा?"

पुढच्या वर्षी त्या सिनेमाची डीव्हीडी आली. घरात तिला सीडीच म्हणतात, मीही भांडत नाही. गुणाजीने ती आणून माझ्या जिभेवर ठेवली. नितेश तेव्हा नाशिकला होस्टेलवर. गुणाजी एक बटण दाबायला गेला आणि दाबलं दुसरंच, आणि काय उघडलं? कापून टाकलेले सीन. शेवटी ते सगळे एकत्र घातले होते. त्यात गुणाजी, हारासकट आणि अंगठ्यासकट. माणूस आनंदाने खुर्चीवरून उठून उभा राहिला.

आणि त्याच मिनिटाला दारातून शकुबाई आत आली. दिवस वटपौर्णिमेचा. नऊवारी, नथ, हातात पूजेचं ताट. वडाला सात फेरे घालून ती थेट घरी आली, तर समोर पडद्यावर नवरा, नाकात कापूस घालून.

"सात जल्म मागून इलंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही पयल्यातच आडवे?"

तिने ताट ठेवलं, सीडी माझ्या तोंडातून काढली, शिवणाच्या मशीनच्या खणात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. या घरात हे परत लागणार नाही, असं एकदाच सांगितलं. गुणाजीने स्वतःला पाहिलं ते तेवढंच, सव्वातीन मिनिटं. पुढे तो सांगत राहिला आणि लोक हसत राहिले. पुरावा खणात.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम दाबून ठेवतोय. वर्षातून एकदा, दुपारच्या वेळी, घरातलं एक माणूस मला गुपचूप उठवायचं. कोण, ते थोड्या वेळाने. इतका वेळ माझी थट्टा ऐकलीत, अजून थोडी कळ काढा.

वर्षं गेली. नितेशचं लग्न झालं, अनुपमा आली. घरात लॅपटॉप आले, त्यांना तोंडच नाही. सीडी कुठून खाणार? मला कोणी विचारेना. कॉम्प्युटरवर शकुबाईने भरतकामाचा रुमाल टाकला, त्यावर गणपती बसवला. मी रुमालाखालून जीभ काढायचो, गणपती हलायचा, घरातले म्हणायचे ट्रेन गेली वाटतं.

मग यंदाच्या मे महिन्यात सोसायटी पुनर्विकासाला निघाली. भांडुपला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. काय न्यायचं, काय टाकायचं याच्या याद्या झाल्या, आणि टाकायच्या यादीत मी पहिला. रविवारी चार वाजता गोवंडीहून भंगारवाला येणार होता.

गुणाजी आता चौऱ्याहत्तरचा. कधी कुणाकडे काही मागत नाही. पण त्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, "नितेश, हा कॉम्प्युटर जायच्या आधी माझा तेवढा सीन काढून ठेव रे. मी गेल्यावर हे सगळे म्हणतील, म्हातारा आयुष्यभर थापा मारत होता."

शकुबाईने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि भांडी कागदात गुंडाळायला आत गेली.

नितेश खूश झाला. यंत्राचं काम म्हटलं की याच्या अंगात येतं. सिनेमाच्या सीडीची कॉपी करून ठेवायचं एक सॉफ्टवेअर त्याने पेनड्राइव्हवर आणलं, आमच्या जुन्या मशीनला चालेलसं. सोबत 'सुरुवात कशी करावी' असं एक पान होतं. अनुपमा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते. ती औषधाच्या डबीतला कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते. ती म्हणाली, आधी पान वाचूया.

"पान ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी असतं," नितेश म्हणाला. "टेन्शन नको घेऊस."

पहिलं काय केलं असेल? कोरी डीव्हीडी आणून माझ्या तोंडात घातली आणि म्हणाला, लिही. मी घरघरलो, थुंकलो. त्याने परत घातली. मी परत थुंकलो. पाचव्या खेपेला त्याने खाली वाकून माझ्या तोंडावरची बारीक अक्षरं वाचली.

"अनु, हा रायटर नाहीच आहे."

"अठरा वर्षांनी कळलं?" अनुपमा म्हणाली. "बरं झालं, लग्न करताना तू माझी सर्टिफिकेटं तरी बघितलीस."

मी मनातल्या मनात इतका हसलो की खालचा पंखा आपोआप सुरू झाला.

मग ठरलं की सीडीवर सीडी नको, सरळ मोबाइलवर बघता येईल अशी फाइल करायची. शकुबाईच्या खणातली सीडी माझ्या जिभेवर आली. सॉफ्टवेअरने तिच्यात काय काय आहे त्याची यादी मांडली. वर एक लांबलचक, दोन तास एकवीस मिनिटांचं, आणि त्याखाली बारकी बारकी पिल्लं. लांबलचकावर सॉफ्टवेअरने स्वतःच बरोबरची खूण करून टाकली होती. शेजारी मोठं हिरवं बटण. हिरवं बटण दिसलं की नितेशला धीर धरवत नाही. दाबलं.

चार तास लागले. मी एकदाही जीभ काढली नाही, असा शहाण्यासारखा वागलो. गुणाजीने मधेच आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. स्वतःचं मरण बघायला इतकं नटून बसलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

दोन वाजता फाइल तयार झाली. सिनेमा पुढे पळवत पळवत पाहिला. हिरॉइन नाचली, रडली, पळाली, लग्न केलं. बाप कुठे नाही. परत मागे नेला, परत पाहिला. बाप नाही तो नाहीच. वरून एक संवाद होता, बाबा गेल्यापासून घर सुनं झालं. एवढाच काय तो गुणाजी.

दुपार अशीच गेली. नितेशने अनुपमाकडे पाहिलं. घरातल्या म्हाताऱ्याच्या डोक्याची शंका आली की लोक एकमेकांकडे बघतात ना, तसं. गुणाजीने ते पाहिलं.

"मी बघितलेलं रे," तो म्हणाला. मग शर्टाचं वरचं बटण काढून, हळू आवाजात, "बघितलेलं ना मी?"

मी थट्टा करणारा प्राणी. पण तेव्हा मला वाटलं, माझ्या जिभेवर सीडीऐवजी शब्द असते तर! सगळं माझ्या तोंडात होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

बेल वाजली. भंगारवाला. नितेश उठला आणि त्याने प्लगला हात घातला.

"थांब," स्वयंपाकघरातून आवाज आला. शकुबाई दारात उभी. एका हातात कढई, दुसऱ्यात वर्तमानपत्र. "ता लांबडा सोड. खालसून दुसरा बघ. सव्वातीन मिनटांचा."

अनुपमाने यादीत बोट सरकवलं. खालून दुसरं, तीन मिनिटं पंधरा सेकंद.

"आई, तुम्हाला कसं ठाऊक?"

आता सांगतो दाबून ठेवलेली गोष्ट. दर वटपौर्णिमेला, वडाची पूजा करून आली की, गुणाजी आतल्या खोलीत जेवून घोरत पडलेला असताना, शकुबाई खणाची किल्ली काढायची आणि माझ्याजवळ यायची. चौथी पास बाई. इंग्रजी वाचता येत नाही. पण बोटांना पाठ होतं. खालच्या बाणाचं बटण चार वेळा, मग मोठं बटण. सव्वातीन मिनिटं बघायची, सीडी पुसायची, किल्ली कमरेला. सतरा वर्षं. माझ्यासारखीच अर्धवट शिकलेली, म्हणून तर आमचं जमलं.

शकुबाईने कढई खाली ठेवली. गुणाजीकडे न बघता म्हणाली, "हारबीर माका बघूचो नाय. शेवटाक अंगठो हलता, ता बघतंय. हललेलो दिसलो की बंद करतंय. वर्षभराचा काम झाला."

गुणाजीने शर्टाचं बटण परत लावलं.

भंगारवाल्याला चहा दिला. नितेशने या वेळी पान वाचलं, अनुपमाने मोठ्याने वाचून घेतलं म्हणून. लांबड्याची खूण काढली, खालच्या दुसऱ्यावर खूण केली, हिरवं बटण दाबलं. आणि मी अडकलो. खरोखर अडकलो हो! दरवर्षी पुसून पुसून सीडीवर नेमके तिथेच चरे पडले होते, आणि माझ्याही वाचायच्या काचेला म्हातारपण आलेलं. साठ टक्क्यांवर थांबलो. नितेश म्हणाला, याची नाटकं सुरू झाली. आयुष्यभर नाटकं केली त्याची फळं. मी सीडी हळू फिरवली, मग आणखी हळू, एकेक कण चाटून काढला. भंगारवाल्याचे तीन चहा झाले. एक्क्याण्णव. शहाण्णव. शंभर.

पडद्यावर गुणाजी आडवा. कापूस, हार, रडारड. आणि शेवटी उजवा अंगठा हलला, त्याच्या मागून डावा. भंगारवाल्याने हसून हसून चहा सांडला. गुणाजी सगळ्यांना परत परत सांगत होता, मुंगी लाल होती, काळी असती तर सोसली असती. नितेशने तेवढा तुकडा कुडाळला मामाला पाठवला. पाच मिनिटांत दत्तारामचा मेसेज आला, "अंगठो हललो. हिरो जितो आसा."

मग माझी पाळी. नितेशने सीडी काढायला बटण दाबलं. मी जीभ काढली नाही. त्याने दहा वेळा दाबलं, थोपटलं, ठोकलं. मी दात आवळून गप्प. तो म्हणाला, जाम झालाय, आता सीडी आतच राहणार.

"मग ह्याकाच काढून घे," शकुबाई म्हणाली. "बाकीचा डबडा जाऊंदे."

चार स्क्रू काढले आणि मी डब्यातून बाहेर आलो. कॉम्प्युटर गोवंडीला गेला, मी भांडुपला. आता शिवणाच्या मशीनच्या खणात असतो, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, तोंडात ती सीडी धरून. वीज नाही, काम नाही, शेजारी बॉबिनी आणि बटणं. मोबाइलवर गुणाजी रोज दोन-तीन वेळा मरतो, ज्याला त्याला दाखवतो. वटपौर्णिमा पुढच्या महिन्यात आहे. शकुबाईला मोबाइलवरचा अंगठा पटतो की नाही, बघू.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. माझ्या तोंडावर, बटणाच्या बाजूला, एक बारीक भोक आहे. त्यात तार घातली की वीज नसली तरी जीभ बाहेर येते. नितेशला हे ठाऊक नाही. ते माझ्यासोबत आलेल्या पानावर लिहिलेलं होतं. कृपा करून त्याला सांगू नका.

शकुबाईला सांगायची गरज नाही. एका वटपौर्णिमेला सीडी आत असताना वीज गेली होती, तेव्हा तिने अंबाड्यातला आकडा सरळ करून मला उघडलं होतं. त्या रविवारी नितेश मला ठोकत होता तेव्हाही तो आकडा तिच्या अंबाड्यातच होता.