झब्दायनं चालवलेली प्रार्थना

आम्ही सुंता करतो, शनिवारी शब्बाथ पाळतो, आणि येशूला मसीहा मानतो. देव नव्हे, योसेफाचा मुलगा, माणूस. एवढ्यावरून आमच्या कोखाबा गावात यहुद्यांनी आम्हाला फितूर ठरवलं आणि ग्रीक ख्रिस्त्यांनी अडाणी.

म्हणून माझा थोरला भाऊ झब्दाय आपली श्रद्धा लपवून यहुद्यांच्या सभास्थानात जायचा. त्याच्या बिनआईच्या पोरीचं, शलोमितचं, लग्न सभास्थानाचा प्रमुख हिल्फाय याच्या मुलाशी ठरत होतं. पण हिल्फायला संशय आला. शब्बाथला भर सभेत तो म्हणाला, "झब्दायभाऊ, आज प्रार्थना तुम्ही चालवा."

मी दाराशी उभी होते. त्या प्रार्थनेत आम्हा नाझरेथवाल्यांना, म्हणजे नाझरेथच्या येशूला मानणाऱ्यांना, शाप आहे. संशयिताला मुद्दाम पुढे काढतात. तेवढाच भाग गाळला की माणूस सापडला.

"घसा बसलाय हो."

"काल मेंढ्या हाकताना तर गाव उठवलंत!"

लोक खिदळले. झब्दाय उभा राहिला. शापापाशी अडखळला.

"विसरलात काय?" हिल्फाय गोड हसला.

"नाझरेथवाले क्षणात नाहीसे होवोत, त्यांचं नावही न उरो," झब्दाय म्हणाला. त्याची मेलेली बायको आमच्यातलीच होती. सगळे गरजले, "आमेन!"

दुसऱ्या दिवशी आमची माणसं येशूच्या आठवणीत एकत्र भाकरी मोडायला जमली. द्राक्षारस आम्हाला वर्ज्य, सगळ्यांत फिरणाऱ्या प्याल्यात पाणीच. प्याला झब्दायकडे आला तसा आमच्या वडीलधाऱ्या शिलाकाकांनी तो मध्येच धरला.

"तुला नाही."

"काका, पोरीसाठी बोललो. मनात नव्हतं."

"मनात नसलेलं देवापुढे बोललास? मग तर जास्तच वाईट."

मला राहवलं नाही. "काका, पडलेल्याला उचला म्हणून आमचे कान किटवता. हा पडलाय की समोर!"

"तू तोंड आवर."

प्याला त्याला ओलांडून गेला. दयेच्या गप्पा मारणारी आमची सगळी माणसं खाली बघत पाणी प्याली. झब्दाय उठून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

लग्न झालं. आता दर शब्बाथला हिल्फाय व्याह्यालाच पुढे उभं करतो. परवा शलोमित विहिरीवर भेटली.

"आत्या, बाबा शापापाशी आले की सासूबाई माझ्या ओठांकडे बघतात."

"मग?"

"मग काय? म्हणते आमेन. मोठ्यानं."

घागर उचलून ती चालू लागली. "थांब गं," म्हटलं, तर म्हणाली, "नको आत्या, तुझ्याशी बोलताना कुणी बघेल."