प्रोसेसरचा पंखा आणि सासूबाईंचे कान

‘आवाज गोड, उच्चार स्वच्छ, पण मागे सतत कुणीतरी पीठ दळतंय.’ दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेने असा शेरा मारून माझा दुसरा नमुनाही परत पाठवला. तिसरा शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि तोही परत आला तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. आठ महिने घरी बसल्यावर कसंबसं हाताशी आलेलं काम, आणि ते घालवायला निघाला होता कोण, तर प्रोसेसर थंड ठेवणारा तळहाताएवढा पंखा!

नवऱ्याने उपाय म्हणून कॉम्प्युटरला रजई पांघरली. वीस मिनिटांत तो तापून बंद पडला आणि जाताना माझं अर्धं प्रकरण घेऊन गेला. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“पंखा बदलायचा,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तो मी निवडणार.”

तसा त्यांचा हक्कच होता. विजेच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. चालू मोटर ऐकायची आणि ती बाहेर जाईल की नाही ते सांगायचं, एवढंच काम. मोठमोठे इंजिनिअर हुज्जत घालायला यायचे आणि खाली मान घालून परत जायचे. घरातही त्यांच्या कानांचा दरारा होता. मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं त्यांना बाहेरच्या खोलीत ऐकू जायचं, निदान लग्नानंतरची काही वर्षं तरी मी ते स्वतः भोगलंय.

शुक्रवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता.

“आजी, हा बघा. फक्त बावीस डेसिबल. खोक्यावर लिहिलंय.”

“खोक्याला कान आहेत का? आणि आजी कुणाला म्हणतोस? लाव तो.”

त्याआधी त्यांनी त्याला छताचा पंखा बंद करायला लावला, मग रेडिओ, मग रस्त्याकडचं दार. बिचारा घाम पुसत एकेक पंखा काउंटरवर जोडून दाखवू लागला.

“हा चिमुकला, म्हणून जिवाच्या आकांताने पळतोय. धाप लागलीय त्याला. काढ.”

पुढच्याला सात रंगांचे दिवे होते. “याचं सगळं लक्ष नटण्यात. काढ.”

तिसरा मोठा आणि संथ होता, पण घुमत होता म्हणून गेला. चौथ्याला मात्र त्या डोळे मिटून बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या आणि हसल्या.

“हा. काही म्हणजे काही आवाज नाही.”

मला एक बारीकसा ‘चीं’ ऐकू येत होता. मी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. तिचाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानदाराने तोंड उघडलं, “त्याच्यात जरा...”

“जरा काय?” सासूबाईंनी अशा काही सुरात विचारलं की तो म्हणाला, “जरा महाग आहे.”

घरी नवऱ्याने जुना पंखा काढला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावून नवा बसवला आणि कॅबिनेटची बाजू उघडीच ठेवून तो कामाला निघून गेला. मी हेडफोन चढवले. दळण बंद झालं होतं. चीं मात्र होता, डास कानाशी यावा तसा, आणि या खोलीत ट्यूबलाइट नव्हती.

“कसं वाटतंय?” शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

“छान,” मी म्हणाले.

आणि दोन पानं वाचलीसुद्धा! मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर राग येत होता. स्वतःवर होताच, पण जास्त त्यांच्यावर होता. इतक्या खुशीत बसल्या होत्या, कोण यांना सांगणार?

तेवढ्यात त्यांनी सवयीने पंख्याच्या कडेला दोन बोटं टेकवली. बोटं तिथेच राहिली.

“हा किरकिरतोय. बेअरिंग.” त्यांनी कान जवळ नेला, अगदी जवळ. मग सावकाश सरळ झाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. “तुला आवाज येतोय?”

“थोडासा. बारीक आहे.”

“दुकानातही येत होता?”

“हो.”

त्यांनी बोटं पंख्यावरून काढून घेतली. “वय झालं की बारीक आवाज आधी जातात,” मग म्हणाल्या. “कारखान्यातल्या आमच्या मोठ्या बाईंचे गेले होते. आम्ही सगळ्या पाठीमागे हसायचो त्यांना.” त्यांनी पदराला हात पुसला. “बोलली का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई.”

“आणि तुझं काम गेलं असतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं का? अक्कल गहाण टाकलीस की काय? काढ तो. सहाला दुकान बंद होतं.”

नमुना शनिवारी पसंत पडला, हे आत्ताच सांगून टाकते. कारण मला खरं सांगायचंय ते दुकानातलं.

आम्हाला परत आलेलं पाहून दुकानदार कावराबावरा झाला. सासूबाईंनी पंखा काउंटरवर ठेवला आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी असताना खणखणीत आवाजात म्हणाल्या, “याचं बेअरिंग ओरडतं. मला ते ऐकू येत नाही. आता हिला विचारायचं, मला नाही.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्या मात्र स्टूल ओढून बसल्या.

मग एकेक पंखा फिरू लागला. मी ऐकायचं आणि त्या विचारायच्या, “कसा येतोय? नीट सांग.” मी सांगायची, शीळ घातल्यासारखा. कागद फडफडल्यासारखा. थांबून थांबून टकटक. प्रत्येक वेळी त्या डोळे मिटून मान हलवायच्या, मी सांगितलेलं आत कुठेतरी ऐकत असल्यासारख्या. पाचव्यावर मी बराच वेळ थांबले.

“काहीच नाही,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. “काहीच नाही, की मला बरं वाटावं म्हणून काहीच नाही?”

“खरंच काही नाही, आई.”

त्यांनी पंख्याला बोट लावलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि दुकानदाराला म्हणाल्या, “बांधून दे.”