फळ न देणारी झाडं

“ज्या झाडाखाली फळ पडलेलं दिसेल, त्याला हात लावायचा नाही. पुढे चला.”

मामंजींचा हा आवाज अजून माझ्या कानात जसाच्या तसा आहे. मी सून होऊन आले तेव्हा ते राखीव जंगलात तोडायच्या झाडांवर चुन्याच्या खुणा करायचे आणि मी रोपवाटिकेसाठी बिया वेचत त्यांच्या मागून जायची. हा नियम त्यांनी ठेकेदाराशी भांडून घालून घेतला होता. फळ देणारं झाड पाखरांचं, ते राहील. न देणारं जाईल. ठेकेदार कुचकटपणे विचारायचा, तुम्ही खुणा करता की पूजा? मामंजी चुन्याचा डबा उचलून पुढच्या झाडाकडे वळत.

तोड थांबून आता बरीच वर्षं झाली. मामंजींची नजर गेली. ते दिवसभर दारापुढच्या खुर्चीत असतात. मी त्याच रोपवाटिकेत आहे. माझ्या थोरल्या नणंदबाई जंगलखात्याच्या कार्यालयात झाडांच्या जाती तपासतात. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचं काम म्हणजे खोडांभोवती दोरी टाकून, चौकोन आखून आत काय काय उगवलंय ते बघण्याचं. कधी कधी मलाही नेतात. न तोडलेल्या भागात एखाद्या झाडाला पाठ टेकून उभं राहावं, तर नजर पोहोचेल तिथवर त्याच्या जातीचं दुसरं झाड सहसा सापडत नाही. प्रत्येकाचं पान वेगळं, सालीचा वास वेगळा. तोडलेला भागही आता हिरवागार झाला आहे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जंगल भरून आलं. आत शिरलं की मात्र तीच तीन झाडं, झटपट वाढणारी, हलक्या लाकडाची. एकाच घरातली भावंडं येऊन अख्खा वर्ग भरून बसावीत तशी.

त्यांच्यामध्ये एक म्हातारं झाड उभं आहे. कोयत्याचा ओरखडा बसला तरी सालीतून तांबडा चीक येतो, म्हणून आमच्या घरी त्याला तांबडं झाड म्हणतात. मामंजींनी राखलेलं. ते उभं राहिलं याचं त्यांना कोण समाधान. फुलांचे दिवस आले की विचारतात, “फळ धरलं का गं?” आणि दर वर्षी मी नाही म्हणते. फुलं येतात, गळतात, संपलं. गेल्या वादळात त्याची एक मोठी फांदी मोडली तेव्हा दिसलं, खोड आतून पोकळ झालंय. तोडलेल्या भागात त्या जातीचं दुसरं झाड उरलेलं नाही, आणि बाहेरही वन्संना ते कुठे सापडलं नव्हतं. हे पडलं की ती जात आमच्यापुरती संपली.

असं का व्हावं, हे काही केल्या मनातून जाईना. यंदा फुलं आली तशी मी खालच्या फांदीवरची मूठभर खुडून कार्यालयात नेली. सकाळचा जप झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही, हे वन्संना ठाऊक. त्यांनी चहा पुढे सरकवून विचारलं, “सोडलं का देवाने तुला?” मी हसले आणि फुलं टेबलावर ठेवली.

भिंगाखाली त्यांनी सुईने एक फूल उघडलं. मग दुसरं. मग सगळीच. चहा निवून गेला.

“वहिनी, यात पराग नाहीच. एकाही फुलात नाही. ही मादी आहे. हिचा नर वेगळं झाड असणार.”

“नराला फळ येतं?”

“त्याला कुठून येणार?”

वन्संनी सुई खाली ठेवली. फळ न देणारी झाडं कुठे गेली, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

बाबांना सांगू नकोस, म्हणाल्या वन्सं. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं म्हातारपण सुखात चाललंय. खोटं बोलायचं नाही हे माझं रोजचं व्रत. पण न बोलणं खोट्यात धरायचं का, याचा निवाडा मी घरापर्यंत करत राहिले, आणि तो काही झाला नाही. दारात पाऊल टाकलं तर मामंजींनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं.

ते बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले.

“म्हणजे बायका राखल्या आणि नवरे तोडले मी,” शेवटी म्हणाले. “ठेकेदाराशी भांडून तोडले.”

वन्सं माझ्यामागून दारात येऊन उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरले होते. पण मामंजींची मान एका बाजूला कलली होती, दूरचं काही ऐकत असल्यासारखी. ओढ्यापलीकडे कड्याखाली, ते सावकाश सांगू लागले, खुणा करण्याआधी मी एकटा जाऊन पाहून आलो होतो. तिथे तांबड्या चिकाची काही झाडं होती, आणि फळ एकाही झाडाखाली नव्हतं. सगळी तोडीतच जायची होती. पण दुसऱ्या दिवशी ओढ्याला लोंढा आला, पूल गेला, आणि ठेकेदाराने तो भाग सोडून दिला.

“त्या बाजूला मी कधी गेलेच नाही,” वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी एकेक शंका काढली. ती झाडं आज असतील का, फुलावर असतील का, इथवर आणेपर्यंत पराग टिकेल का. ओल्या फडक्यात, ऊन चढायच्या आत आणला तर कदाचित. मादीच्या फुलांवर हाताने झटकावा लागेल. तरी धरेलच असं नाही.

“नसेल धरत,” मामंजी म्हणाले. “पण बघायला नको का?” आणि त्यांनी चाचपडत माझा हात धरला. “फुलं गळायच्या आत आण. वचन दे.”

“आणते.”

सकाळी वन्सं ओली फडकी, पिशवी आणि ब्रश घेऊन म्हाताऱ्या झाडाखाली जाऊन थांबल्या. त्यांच्या गुडघ्यांना आता कड्याची वाट झेपत नाही. मी फांदी ओढायची लांब आकडी घेतली आणि ओल्या फडक्यांतलं एक पदरात बांधून घेतलं. ओढ्याचं पाणी घोट्याच्या वर येईलसं दिसत होतं. पलीकडचा काठ झाडोऱ्याने इतका भरलेला की वाट कुठून असावी ते कळेना. मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले.