रिकामी चौकी

आमच्या ह्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्याचं कारण अख्ख्या सिडकोला ठाऊक होतं, फक्त मला सोडून. कुणी म्हणे मंत्र्यांशी वाजलं, कुणी म्हणे आता निवडणुकीला उभे राहणार. लेफ्टनंट जनरल इंद्रजीत मात्र मिठाची गुळणी धरून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. तेही दिवसातून तीनदा.

चौथ्या दिवशी मी पाण्याची नळी हिसकावून घेतली. "झाडं कुजली. आता बोला."

"माघारीचा निर्णय बरोबरच होता," ते म्हणाले. "बर्फातल्या चौक्यांवरून फौज खाली आणायच्या आदेशावर मीच सही केली. पण मनकर्णाबाईंना काय सांगू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वैजापूरचा आकाश पंधरा वर्षांपूर्वी त्यातल्याच एका चौकीवर वारला. हे तेव्हा त्याच्या पलटणीचे कर्नल. अंत्यसंस्काराला त्याच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, एवढंच विचारलं, "माझ्या पोराच्या जागी आता कोण हाय?" ह्यांनी नाव सांगितलं आणि वर शब्द देऊन बसले की ती जागा कधी रिकामी राहणार नाही. तेव्हापासून चौकीवरची माणसं बदलली की ह्यांचा वैजापूरला फोन जायचा, नव्या पोराचं नाव कळवायला. आमच्या लग्नाचा वाढदिवस विसरतील, हा फोन नाही.

"माझ्याच सहीनं शब्द मोडला. मग त्या खुर्चीत कसा बसू?"

असला वेडा माणूस माझ्याच नशिबी यावा! राग आला, भरूनही आलं. पण खुर्ची सोडून तो फोन थोडाच टळणार होता? मी गाडी काढली.

वैजापूरला पोचलो तशी मनकर्णाबाईंनी पाणी दिलं. "जय भीम, मावशी," म्हणत हे खाली बसले.

"औंदा नवं नाव नाय आलं," बाईच म्हणाल्या. "कोण हाय तिथं?"

"कुणीच नाही. चौकी रिकामी केली, मावशी. शब्द राहिला नाही माझा, म्हणून नोकरी सोडली."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "समदी पोरं खाली आली?"

"सगळी."

"ते खोकला झालेलं? तुमी फोनवर सांगितलेलं, राजस्थानचं?"

"बरं आहे. सुट्टीवर घरी गेलंय."

आता त्यांना रडू आवरेना. "येडे का काय तुमी, साहेब? माझं पोर गेलं तिथं दुसरीचं उभं ऱ्हावं, असं कवा म्हनले मी? नाव इचारायचे ते मेणबत्ती लावायला. ते खाली उतरस्तोवर रोज लावायचे."

बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर मेणाचा जाड थर साचला होता. हे त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच हमसून रडले. मी त्यांचा हात धरला, सोडवेना.

बाई उठल्या. त्यांनी नवी मेणबत्ती काढली.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"ह्यांच्यासाठी. इतकी वर्सं लोकांच्या पोरांची नावं सांगितली, सोताचं कवाच नाय." त्या ह्यांच्याकडे वळल्या. "तुमची माय काय म्हनायची तुमाला?"

तीस वर्षांच्या संसारात मलाही हे माहीत नव्हतं.

"इंद्या," लेफ्टनंट जनरल म्हणाले.