दर पाचवं घर

प्रा. नरहर सेलूकर परतूरच्या कॉलेजात सव्वीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवत होते, आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रकल्प कोणता घ्यावा, पुढे काय करावं, हे सांगण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. ते काम त्यांनी अगदी सुटसुटीत करून टाकलं होतं. विद्यार्थी केबिनमध्ये आला की सर त्याला गाव विचारायचे, आईवडिलांची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "गांडूळखत घे." कपाटात गांडूळखताचे एकोणीस जुने प्रकल्प बांधून ठेवलेले होते. पोरं त्यातला एक न्यायची, पहिलं पान बदलून परत आणायची. एका प्रकल्पातल्या फोटोत तर आधीच्या वर्षाचा मुलगाच घमेलं धरून उभा होता. सरांनी त्यालाही सही दिली होती. गांडूळ काही दरसाल बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे शीतल घारे केबिनच्या दारात उभी राहून "मला गांडूळखत न्हाई घ्यायचं" म्हणाली तेव्हा सरांना तिचं नाव आठवायलाच वेळ लागला. दोन वर्षांत ही पोरगी वर्गात एकदाही बोलली नव्हती. शेत वाटूरच्या बाजूला, पण शिक्षणासाठी घर परतुरात आणलेलं, एवढं त्यांना माहीत होतं.

"मग काय घ्यायचंय?"

"डास," शीतल म्हणाली. "सर, मागच्या वर्षी आमच्या गल्लीत सात जणांला डेंगू झाला. सगळे गटारीला शिव्या देऊन राह्यले. तुम्ही तर शिकवलं का तो डास चांगल्या पाण्यात अंडी घालतो. मंग कोण बराबर?"

सरांना जरा बरं वाटलं आणि जरा अवघडल्यासारखंही झालं. आपण शिकवलेलं कुणी गल्लीत नेऊन ताडून पाहील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी दोनतीन दिवस टाळाटाळ करून पाहिली. लोक घरात घेणार नाहीत म्हणाले, परीक्षा जवळ आली म्हणाले. शीतल रोज येऊन दारात उभी राहायची. शेवटी त्यांनी होकार दिला आणि आता मार्गदर्शन करतोच आहोत तर नीट करावं म्हणून एक नियमही घालून दिला. ओळखीची घरं निवडायची नाहीत. वॉर्डाच्या टोकापासून सुरू करायचं आणि दर पाचवं घर घ्यायचं, मग ते कुणाचंही असो. एकूण चाळीस घरं. घरातलं पाण्याचं प्रत्येक भांडं बघायचं, अळ्या आहेत का नाहीत लिहायचं. घरमालकाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर टाकायचा.

आठवड्याभरात तिचे वडील रामराव कॉलेजात आले. खुर्चीवर बसायला तयार होईनात. उभ्यानेच त्यांनी सांगितलं, की पोरगी पळी आणि पांढरी ताटली घेऊन परक्यांच्या टाक्यांत डोकावत फिरते आणि रामरावची पोरगी पाण्यात काहीतरी टाकते अशी बोलवा उठली आहे. सोयरीक बघायचे दिवस आणि हे असलं. सरांनी त्यांना डासाचं जीवनचक्र समजावून सांगितलं. रामरावांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं खरं सर, पण एकली फिरू नये ती." मग दोघांनी मिळून तोड काढली. शीतलसोबत तिची आजी साळूबाई जाईल.

इथून पुढं प्रकल्पाला वेगळंच वळण लागलं. साळूबाईला या कामाची भलतीच गोडी लागली. तिसऱ्या घरापासून ती नातीच्या पुढं चालू लागली. उंबऱ्यातूनच विचारायची, रांजण कधी घासला होता? पाण्याला झाकण काहून न्हाई? एका घरची सून तिला बघून मागच्या दारानं ड्रम पालथा करून आली. पुढच्या गल्लीत ही बातमी आधीच पोचायची आणि साळूबाई दिसली की घरोघर पाणी ओतल्याचे आवाज येऊ लागायचे.

शीतल वही घेऊन सरांकडे आली. सलग पाच घरांत तिला एकही अळी सापडली नव्हती आणि पाचही अंगणं ओली होती.

"आजी आधीच खडसावून राह्यली," ती रडवेली होऊन म्हणाली. "समदी नोंद खोटी झाली, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणीतरी असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर कपाटात नव्हतं. त्यांनी विचार केला, कागदावर वॉर्डाचा नकाशा काढला आणि सांगितलं, की ती पाच घरं पंधरा दिवसांनी पुन्हा कर, न कळवता. घर पाचवंच घ्यायचं, पण रोज एकाच गल्लीत जायचं नाही, वेगवेगळ्या टोकांना जायचं, म्हणजे बातमी पुढं धावणार नाही. आणि आजीला आल्याआल्या स्वयंपाकघरात चहाला बसवायचं. तिचा चहा होईपर्यंत टाक्या बघून घ्यायच्या. नोंद झाली की मग आजीला मोकळं सोडायचं, तिनं वाट्टेल तितकं बोलावं. त्या दिवशी घरी जाताना सर चक्क शीळ वाजवत गेले.

उपाय लागू पडला. वही भरू लागली. सर रोज विचारू लागले, आज किती घरं, काय सापडलं. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या, कुंडीखालच्या बशीत अळ्या, गच्चीवरच्या जुन्या टायरात अळ्या. गटारीत मात्र डेंगूच्या त्या पट्टेवाल्या डासाची एकही नाही. सर स्टाफरूममध्ये हे इतक्यांदा सांगू लागले की लोक त्यांना बघून वर्गावर जायचं निमित्त काढू लागले.

एका रविवारी सकाळी सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. फाटक वाजलं. शीतल आणि साळूबाई.

"सर, तेविसावं घर," शीतल खाली बघत म्हणाली.

साळूबाईला सरांच्या पत्नी वंदनाताईंनी चहाला आत नेलं. सर उत्साहानं उठले. आमच्याकडे काही मिळायचं नाही, पण बघून घे, म्हणाले आणि स्वतः टॉर्च धरून पुढं झाले. मागच्या बाजूला उन्हाळ्यातला कूलर तसाच उभा होता. त्याच्या तळाशी चार बोटं पाणी होतं आणि त्या पाण्यात एवढी वळवळ होती की टॉर्चची गरज नव्हती. मग गच्चीचा कठडा. तिथं सरांनी हौसेनं मनी प्लांटच्या चौदा बाटल्या लावल्या होत्या. शीतल एकेक बाटली उजेडात धरून बघत गेली. चौदांपैकी अकरा.

"सर, ह्या त्याच आहेत ना?" तिनं विचारलं. "पट्टेवाल्या डासाच्या अळ्या?"

"त्याच," सर म्हणाले.

ती लिहीत असताना सर टॉर्च विझवायचं विसरून उभेच राहिले. खाली साळूबाईचा चहा संपला होता. तिनं मागं जाऊन कूलर पाहिला, वर येऊन बाटल्या पाहिल्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेली. सरांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, की एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच दूर पडला तर शास्त्रात त्याला कधीकधी बाजूला ठेवतात.

शीतलनं नीट ऐकून घेतलं. तिला खरंच शिकायचं होतं. "मंग सर, आपला आकडा लईच दूर हाय, तर तेवीस नंबर सोडून पुढचं घर घेऊ का? का गाळलं म्हणून लिहायचं, ते तेवढं सांगा."

सर पेन हातात घेऊन बसले. 'तेवीस नंबर गाळला, कारण' एवढं लिहून त्यांनी ते खोडलं.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "आहे तसं लिही."

मार्चमध्ये तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले. अठरा गांडूळखतांनंतर त्यांच्या हातात शीतलची वही पडली आणि ते खुर्चीत सरसावून बसले. चाळीस घरं, तीनशे बारा भांडी, तक्ता, नकाशा. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे तेवीस नंबर बघा, सेलूकर. एका घरात बारा ठिकाणी. पाच घरांत मिळून एवढं नाही. काय लोक असतात. शिक्षण नसलं की असं होतं. कोण राहतं इथं?"

शीतलनं ओठ घट्ट मिटले. नाव सांगायचं नाही, असा नियम होता.

"प्राणीशास्त्राचे प्राध्यापक राहतात," सर म्हणाले. "डासाचं जीवनचक्र दरवर्षी शिकवतात. मीच तो."

परीक्षकांनी एकदा सरांकडे आणि एकदा वहीकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते पाणी पिऊनही थांबेना. शीतल घाबरून उभी, आणि सरही हळूहळू हसायला लागले. हसता हसता परीक्षकांनी तिला विचारलं, पुढं काय करणार? तिनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, कीटकशास्त्र घेऊन एम.एस्सी. करायला हवं हिनं, आणि शिफारसपत्र मी देतो.

ते पत्र लिहायला सरांना दोन दिवस लागले. आजवरची त्यांची सगळी पत्रं एकसारखी असायची, मुलगा होतकरू आहे, वर्तणूक चांगली आहे. या वेळी त्यांनी चाळीस घरांची सगळी हकीकत लिहिली. वंदनाताईंनी ते वाचलं आणि बाटल्या कुणाच्या होत्या हेही स्पष्ट लिहायला लावलं.

जूनमध्ये शीतलला संभाजीनगरला प्रवेश मिळाला. दोन दिवसांनी रामराव कॉलेजात आले. या वेळी ते खुर्चीवर बसले. सरांना वाटलं, पोरीला एवढ्या लांब पाठवायला नको म्हणतील, म्हणून त्यांनी बोलायची पूर्ण तयारी केली होती. पण रामरावांचा तो प्रश्नच नव्हता. पोरगी जाईल, म्हणाले. अडचण त्यांच्या आईची होती. साळूबाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिथं हॉस्टेलात तीनशे पोरी राहतात म्हणजे टाक्या किती असतील, असं ती सारखी विचारत होती.

सरांनी समजावलं, की हॉस्टेलमध्ये आजीला राहता येत नाही.

"मला बिलकुल मान्य हाय, सर," रामराव म्हणाले. "पण ते तिला तुम्हीच येऊन सांगा."

सरांनी रविवारी येतो म्हणून कबूल केलं, आणि शनिवारपासूनच त्यांना थोडी कणकण वाटू लागली.