टोकाच्या घराचा आकडा

गल्लीच्या तोंडाशी फलक लावायची कल्पना माझी होती. तेवीस घरं, तेवीस ओळी. प्रत्येक ओळीत घराचा क्रमांक आणि माणशी रोजचे लिटर. आकडा नव्वदच्या आत असला तर हिरवा ठिपका, वर गेला तर लाल. दर सोमवारी मी मीटर वाचायचे आणि ठिपके बदलायचे.

पाणी-बचत केंद्रात मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. पदार्थविज्ञान शिकलेली मी एकटीच, म्हणून आकडे माझ्याकडे आणि माणसं साहेबांकडे, अशी वाटणी होती. चढावरच्या या गल्लीच्या समितीशी साहेबांनी करार केला होता. दोन महिन्यांत गल्लीची सरासरी नव्वदखाली आणायची, मग सकाळच्या एका तासाच्या पाण्याला संध्याकाळचा एक तास जोडून मिळेल. ही गल्ली जमली की आणखी अकरा गल्ल्यांशी बोलणी व्हायची होती.

सरासरी ब्याण्णववरून हलेना. आणि फलकावर सगळ्यात खाली, चढाच्या टोकाच्या घरापुढे, आकडा होता दोनशे पंधरा.

त्या घरात दोनच माणसं होती, धाकटी सून आणि अंथरुणाला खिळलेली सासू. धाकटीचा नवरा परगावी कामाला. थोरली सून त्याच गल्लीत, पण खाली, चढ सुरू होतो तिथे राहायची. समितीची अध्यक्ष तीच. तिला सगळे अध्यक्षबाई म्हणत, तिचा नवरासुद्धा.

बैठक बालवर्गाच्या खोलीत होती. लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसल्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"दोनशे पंधरा," गल्लीतला शिंपी म्हणाला. "दोघी पोहायला शिकतायत का?"

"म्हातारी उताणी पोहत असेल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि खोली हसली.

धाकटी उठून उभी राहिली. "नळ अर्धा वेळ नुसता फुसफुसतो. पाणी येतं ते शेवटी शेवटी. आठ बादल्या भरतात. त्यातल्या पाच आईंच्या चादरींना जातात."

"आमचा नळ बिचारा मुका. तुझा बोलतो तरी," शिंपी म्हणाला.

अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मीटरचं तुझ्याशी काय वाकडं आहे गं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आकड्यावर बोल."

धाकटीकडे आकडा नव्हता, म्हणून ती खाली बसली.

समितीचा नियम असा होता की सलग तीन आठवडे लाल ठिपका असेल तर त्या घराच्या नळाचा व्हॉल्व्ह अर्धा आवळायचा. कागदावर समितीची सही आणि खाली केंद्राच्या जाणकाराची, म्हणजे माझी. मी न बघता सही करणाऱ्यांतली नाही. आधी घर बघून आले.

खोली स्वच्छ होती. खिडकीत दोन चादरी वाळत होत्या, तिसरी बादलीत. सासू भिंतीकडे तोंड करून निजली होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, असं धाकटीने सांगितलं.

"कोण आलंय?" सासूने विचारलं.

"पाण्याच्या ऑफिसातल्या ताई आहेत, आई."

"मग सांग ना तिला, नळ फुसफुसतो म्हणून." म्हातारीचा आवाज अंगापेक्षा दणकट होता. "थोरली पण हेच रडगाणं गायची. दोन बादल्या भरायला तास लावायची आणि वर नळाचं नाव. दोघी एकाच माळेचे मणी."

मी बादली मोजली, पंधरा लिटरची. आठ बादल्या म्हणजे एकशे वीस. मीटर रोज चारशे तीस दाखवत होता. फरक तीनशे दहा लिटरचा, म्हणजे नजरचुकीचा नव्हे, खोटेपणाचा. घरातल्या माणसानेच दुजोरा दिला होता. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कुटुंबाने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही,' आणि सही केली. प्लंबरने त्याच दुपारी व्हॉल्व्ह आवळला.

पुढच्या सोमवारी टोकाच्या घराचा आकडा छप्पन्न झाला. दोन्ही माणसं मिळून रोजचे एकशे बारा लिटर. चौऱ्याहत्तर टक्के घट. गल्लीची सरासरी एकोणनव्वदच्या किंचित खाली आली. साहेबांनी माझ्या टेबलावर पेढीवरचा शिक्का मारावा तशी थाप मारली. "याला म्हणतात लोकसहभाग," ते म्हणाले.

अहवालात घालायला त्या घराचा फोटो हवा होता, म्हणून एक दिवस मी पाण्याच्या वेळेला गेले. धाकटीने मला आत घेतलं. नळ उघडा होता, खाली बादली. पाणी येत नव्हतं. फुसफुस येत होती, सायकलच्या चाकातून हवा सुटावी तशी. मी बाहेर जाऊन मीटरचं झाकण उचललं. छोटा काटा पंख्यासारखा गरगरत होता.

मी तिथेच उकिडवी बसले. कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. चोवीसातले तेवीस तास गल्लीची पाण्याची नळी रिकामी असते, म्हणजे हवेने भरलेली. खालून पाणी सोडलं की ते हवेला पुढे रेटतं, आणि हवा वरच्या टोकाला जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. मीटरला फक्त चाक फिरल्याचं समजतं. कशाने फिरलं, ते समजत नाही. हेच लिहून मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत गुण मिळवले होते.

पाणी संपेपर्यंत मी थांबले. मीटर एकशे बारा लिटर चालला. बादल्या भरल्या तीन.

"तीनच भरतात आता," धाकटी म्हणाली. "आधी आठ भरायच्या. मी खोटं नव्हते बोलले, ताई."

"हो," मी म्हणाले.

त्याच दुपारी मी कागदावर गणित मांडलं. टोकाच्या घराचे घटलेले तीनशे अठरा लिटर वजा केले की गल्लीची सगळी बचत संपत होती. बाकीच्या बावीस घरांनी पेलाभरसुद्धा पाणी वाचवलं नव्हतं.

साहेबांनी कागद नीट वाचला. ते वाईट माणूस नाहीत.

"घरं किती?"

"तेवीस."

"त्यातली खूश किती?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"बावीस. सोमवारपासून संध्याकाळचं पाणी. शुक्रवारी समारंभ. आज मी जाऊन सांगू की आमचा फलक हवा मोजत होता? मग अकरा गल्ल्या कशावर विश्वास ठेवतील?" त्यांनी कागदाची घडी घालून माझ्याकडे दिला. "समितीला पटत असेल तर व्हॉल्व्ह उघड. नियम त्यांचा आहे."

मी अध्यक्षबाईंकडे गेले. त्या उंबऱ्यात बसून समारंभाच्या पाहुण्यांची यादी करत होत्या. मी नळी, हवा, चाक, सगळं सोपं करून सांगितलं. त्यांनी पेन खाली न ठेवता ऐकलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या घरात अकरा वर्षं काढलीयत मी. खाली घर घेतलं ते त्याच नळापायी. पहाटे उठून नळापुढे बसायचे, आणि सासूबाई आतून विचारायच्या, हवा खात बसलीस का गं? अकरा वर्षं, मॅडम. एक दिवस उठून त्यांनी नळाला कान लावला नाही."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं मला? आकडे तुमचे. शिकलेल्या तुम्ही." त्यांनी यादीत आणखी एक नाव घातलं. "आता लावू देत त्यांना कान."

"पण हाल धाकटीचे होतायत."

"मधे कोणीतरी असतंच," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी होते."

शुक्रवारी बालवर्गाच्या अंगणात मांडव घातला होता. साहेब लोकसहभागावर बोलले. मग सर्वाधिक बचत करणाऱ्या घराचं बक्षीस पुकारलं गेलं, झाकणाचं निळं पिंप. धाकटी ते घ्यायला आली. पिंप तिच्या कमरेएवढं होतं.

"सांगा ना सगळ्यांना, एवढं पाणी कसं वाचवलंत," साहेबांनी तिच्यापुढे माईक धरला.

तिने थोडा विचार केला. तिला प्रश्न खरा वाटला असावा.

"आईंची चादर दिवसाआड धुते," ती म्हणाली. "अंग ओल्या फडक्याने पुसते. पाठीला जखमा झाल्यात, त्यामुळे डॉक्टरांनी अंघोळ घालू नका म्हटलंय. तेवढं पाणी वाचतं."

क्षणभर कोणालाच कळेना. मग शिंप्याने टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवली, सगळ्यांबरोबर सुरू केली आणि सगळ्यांबरोबर थांबवली.

मांडव निघत असताना धाकटी माझ्याजवळ आली. पिंप तिने आडवं करून काखेत धरलं होतं.

"ताई, आता तरी व्हॉल्व्ह उघडून द्याल? बक्षीस मिळालंय म्हणून म्हणते."

व्हॉल्व्हची चावी माझ्या पिशवीत होती. तळहाताएवढी, लोखंडी. दीड वेढा फिरवायचा होता.

"समितीची सही लागेल," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि पिंप घेऊन चढ चढू लागली.

सोमवारपासून संध्याकाळचं पाणी सुरू झालं. मी खूश होते, कारण दोन तास म्हणजे टोकालाही थोडं जास्त मिळणार. तसं ते मिळालंही. तीनऐवजी साडेचार बादल्या. फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. आता नळी दिवसातून दोनदा रिकामी होत होती आणि दोनदा भरत होती. हवाही दोनदा.

आठवड्याने मी मीटर वाचला. रोजचे दोनशे दोन लिटर, म्हणजे माणशी एकशे एक. फलकावरचा हिरवा ठिपका नखाने खरवडून काढला. मग लाल ठिपका चिकटवला. मी चुकीचा ठिपका कधी चिकटवत नाही.

आणखी दोन आठवडे आकडा तोच राहिला. चौथ्या सोमवारी समितीचा कागद माझ्या टेबलावर होता: टोकाच्या घराचा व्हॉल्व्ह आणखी अर्धा वेढा आवळावा. खाली अध्यक्षबाईंची सही, सुवाच्य. त्याखाली माझी जागा.

मी कागद दोनदा वाचला. तारीख एका दिवसाने चुकली होती. ती दुरुस्त केली, आणि सही केली.