जिन्याचा आठवडा

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर थांबता ते बहुतेक वेळा केस नीट करायला. माझ्या काचेत चेहरा छान दिसतो म्हणे. आत काय लिहिलंय ते वाचायला मात्र कोणाला सवड नाही. असो. मी एका चार मजली इमारतीतला म्हातारा नोटीस बोर्ड आहे, जिन्याच्या तोंडाशी टांगलेला. स्वभावाने जरा चिडका आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका शाळेच्या मोडक्या टेबलातून झाला. लाकूड चांगलं निघालं म्हणून त्याची चौकट केली, आत हिरवं कापड ताणून बसवलं, पुढे काचेची दोन दारं आणि एक चिमुकलं कुलूप. आठ घरांच्या मालकांनी मिळून सोसायटी स्थापन केली, त्याच दिवशी मला भिंतीवर चढवलं. काय थाट होता माझा! पाणी कधी जाणार, सभा कधी आहे, सापडलेली छत्री कोणाची, सगळं माझ्याच अंगावर. लोक थांबून वाचायचे आणि भांडायचेही माझ्याचसमोर. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला, सोसायटीचा ग्रुप झाला आणि माझे दिवस फिरले. बिजागऱ्या गंजल्या. कापडाला कसर लागली. विचारतो कोण!

विचारलं एकाच माणसाने. तिसऱ्या मजल्यावरच्या सुतारकाकांनी. ते इथे अकरा वर्षं भाड्याने राहतात, त्यांच्या घराचे मालक परदेशात असतात. एका सकाळी काका तेलाची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "काय रे बाबा, किती कुरकुरतोस!" बिजागऱ्यांना तेल पाजलं, कापड बदललं, काच पुसली. इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं ते तेव्हाच. मला इतकं भरून आलं, काय सांगू!

सुतारकाकूंची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. पण या इमारतीत त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाही. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत चौपन्न पायऱ्या, कुठली पायरी जरा खचलेली, कुठे कठडा सैल, सगळं त्यांना पाठ. एकट्या खाली येतात, अंगणात बसून शेंगा सोलतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखून हाक मारतात. "काय गं, आज चप्पल नवी का?" असं विचारून त्यांनी कितीजणींना चकित केलंय.

आता आमच्या सेक्रेटरींबद्दल. हे निवृत्त हेडक्लार्क. यांना मागे सगळे कलमकाका म्हणतात, कारण श्वास घेण्याआधीही ते नियमाचं कलम बघत असतील. माणूस खोटा नाही हो, पण नियमापुढे कोणाची गय करणार नाही. त्यांनीच आठ वर्षांपूर्वी एक नियम माझ्यात लावला. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना झाडायचा, दिवे बघायचे, गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायचं. याला आमच्याकडे 'जिन्याचा आठवडा' म्हणतात. ज्याने काम केलं त्यानेच यादीवर सही करायची. आणि वर्षात तीन आठवडे चुकवणाऱ्या मालकाला त्या वर्षीच्या सभेत मत नाही. हा नियम कोणी कधी लावून बघितला नाही. कलमकाका नवी यादी जुन्या यादीवर टोचायचे आणि कुलूप लावून निघून जायचे. टाचण्या टोचून घेणारा मी, मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

यंदा कलमकाकांनी एक ठराव आणला. पुढच्या महिन्यापासून इमारतीत फक्त मालकांनी राहायचं, भाडेकरू नकोत. कारण काय, तर भाडेकरूंना आपलेपणा नसतो, ते इमारतीची निगा राखत नाहीत. तो कागद माझ्यावर लागला तेव्हा तो मला फाडून फेकून द्यावासा वाटला. सुतारकाकांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि संध्याकाळी सामान बांधायला रिकामी खोकी आणली. दुसऱ्या दिवशी काकू खाली आल्या त्या शेंगा न घेताच. शेजारणीला म्हणाल्या, "नवीन घरात मी काय करणार गं? मला तिथली एक पायरी माहीत नाही. ह्यांचा हात धरूनच बसायचं का उरलेलं आयुष्य?" माझी काच पुसायला मला हात असते तर मी आधी त्यांचे डोळे पुसले असते.

रविवारी सकाळी माझ्यासमोरच सभा भरली. परदेशातले सोडून बाकीचे सातही मालक खुर्च्या घेऊन आले. सुतारकाका मागे जिन्याला टेकून उभे राहिले. मत नसलेल्या माणसाला खुर्ची कोण देणार?

दुसऱ्या मजल्यावरचे जहाजावरचे इंजिनियर आधी बोलले. ते वर्षातले सहा महिने समुद्रावर असतात, जग बघितलेला माणूस. म्हणाले, "अहो, एका देशात मी बघितलं, निम्म्याहून जास्त लोक जन्मभर भाड्याच्या घरात राहतात. डॉक्टर, प्रोफेसरसुद्धा. त्यांना कोणी उपरं म्हणत नाही. दुसरीकडे लोक घर विकत घेतात, पण जमीन सरकारची, नव्याण्णव वर्षांनी परत. आणि एका ठिकाणी तर घर स्वतःचं, तरी दाराचा रंग बदलायला असोसिएशनला विचारायचं. गवत वाढलं की लगेच नोटीस!"

"याला म्हणतात शिस्त," कलमकाका खूश झाले. बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मग तळमजल्याच्या दंतवैद्यीणबाई उठल्या. "मत घेण्याआधी मत कोणाकोणाला आहे ते तर बघा. तुमचाच नियम आहे ना, तीन आठवड्यांचा?"

"बघू की," कलमकाका ताठ मानेने म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

त्यांनी माझं कुलूप उघडलं आणि वर्षभराच्या याद्यांची चळत काढली. माझं लाकूड थरथरलं, खरंच सांगतो. ते मोठ्याने वाचू लागले. पहिल्या मजल्याचा आठवडा, सही सुतारकाकांची. दुसऱ्या मजल्याचा आठवडा, सही सुतारकाकांची. कोणाला ऑफिस होतं, कोणाकडे पाहुणे होते, कोणी जहाजावर होतं. या सगळ्यांनी काकांना जिन्यात गाठून म्हटलं होतं, "काका, एवढ्या वेळी बघाल का?" आणि काकांनी बघितलं होतं, वर नियमाप्रमाणे सही स्वतःची केली होती. माना एकेक करून खाली जाऊ लागल्या. इंजिनियर पुटपुटले, "जगभरच्या गप्पा मारतोय मी, आणि घरचा झाडू कधी हातात धरला नाही."

मग कलमकाकांनी पुढचं पान उलटलं. त्यांच्या स्वतःच्या घराचे सहा आठवडे. सहाही सह्या सुतारकाकांच्या.

 ते पान दडपणं अवघड नव्हतं. पण मी आधीच म्हटलं ना, माणूस खोटा नाही. त्यांनी आपलं नाव इतरांइतक्याच मोठ्याने वाचलं. मग मागे वळून म्हणाले, "कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात काय बोलायचं?" सुतारकाका म्हणाले. "तुमची पाठ दुखत होती. घरच्यांनी झाडलं असं तुम्हाला वाटलं, तर वाटू दिलं."

बाकी सगळ्यांचे तीन-तीन आठवडे तरी चुकलेले, म्हणून मत उरलं एकाच मालकाला. दंतवैद्यीणबाईंना, कारण त्या आपला जिना आपणच झाडतात. लोकांचे दात घासून काढणाऱ्या बाईला झाडूची कसली लाज! त्यांनी हात वर केला, "विरोध." कलमकाकांनी वहीत लिहिलं, एक विरुद्ध शून्य, ठराव नामंजूर. मग ठरावाचा कागद माझ्यावरून काढला आणि स्वतःच्या हाताने त्याचे तुकडे केले. "पुढच्या वर्षीही हा विषय येणार नाही," ते म्हणाले. "याला जे कारण मी दिलं होतं, तेच खोटं निघालं." आणि स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी सुतारकाकांपुढे ठेवली.

हुश्श! माझ्या सगळ्या टाचण्या एकदम सैल झाल्यासारखं वाटलं मला. काका मात्र खुर्चीवर बसले नाहीत. ते वर निघाले. पहिल्या वळणावरच्या पायरीवर जरा टेकले. वरून काकूंनी हाक मारली, "अहो, काय ठरलं?"  काका म्हणाले, "खोकी सोडा आता. राहायचंय आपल्याला." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण खाली सगळेच एकदम बोलायला लागले होते.

मित्रांनो, कुठल्या देशात घर कोणाच्या नावावर असतं, ते तुम्ही मोठे झाल्यावर शिकालच. कागदावर नाव असणं चांगलंच. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की जो जिना लागतो, तो कोणा एकट्याच्या नावावर नसतो. तुमचा जिना कोण झाडतं, ठाऊक आहे? नसेल तर आज घरी विचारा. आणि उत्तर मिळालं की हातात झाडू घेऊन एकदा त्या माणसाच्या शेजारी उभे राहा.